माझा खुलासा, माझ्या हातचा

मी सही केली नाही. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं सगळं लिहिताना माझा घाबरटपणा मधे येणार, आणि कधी मलाच परत वाचताना वाटेल की शेवटी ही बाई वाकली असणार. नाही वाकली.

माझे यजमान कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. नव्वद सालानंतर दोनेक वर्षांत ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं. शिक्षण चौथी. इंग्रजी येत नव्हतं, पण कपाटांवरच्या चिठ्ठ्यांचा आकार मी डोक्यात ठेवला. मुलांनी लांबलचक नाव घेतलं की ते कुठल्या चिठ्ठीसारखं वाजतंय याचा अंदाज बांधायची आणि तीच वस्तू काढून द्यायची. चुकले तर मुलं हसायची. वर्षभरात चुकायचं थांबलं. बोलायचं मात्र मला जमलंच नाही. सर समोर आले की मी भिंतीला लागायची. मंगळवार पेठेतून चालत यायची, काम करायची, चालत जायची. स्टाफरूममध्ये म्हणायचे, "मावशींना तोंड आहे का बघा एकदा."

प्रयोगशाळेच्या टोकाला एक डार्क रूम आहे. खिडक्यांच्या काचांना काळा रंग, दाराला आतून जाड काळा पडदा. इतर शिपायांना तिथं बसायची शिक्षा वाटायची. मला ती खोली आवडायची. तिथं माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तोवर कॉलेजातले प्रकल्प म्हणजे थर्मोकोल, वायरी आणि सेल. मग एक दिवस शिरोलीच्या वसाहतीतल्या एका कंपनीचे लोक आले. ही कंपनी भट्टीतल्या लोखंडाचा ताव दुरूनच, नुसत्या उजेडावरून मोजायची यंत्रं बनवायची. तिला अजून बारीक यंत्र करायचं होतं. त्यासाठी यंत्र कंपनीचं, देखरेख तिच्या इंजिनियरची, आणि रोजची मोजणी कॉलेजातल्या पोरांची, असं ठरलं. दारावर फलक लागला, त्यात 'क्वांटम' हा शब्द सगळ्यात मोठा. वर्गातून एकच विद्यार्थी घ्यायचा होता. परीक्षा घेऊन त्यांनी नेसरीकडची एक मुलगी निवडली. शेतकऱ्याची पोर, वसतिगृहात राहायची, आवाज खणखणीत.

पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, म्हणजे माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरी, हे नक्की मोजतंय काय?"

"उजेड, मावशी."

"उजेड कसा मोजायचा?"

"तुमच्या घरात जोंधळ्याचं पोतं हाय न्हवं? लांबून बघितलं तर ढीग दिसतोय. जवळ गेलं की दाणा दाणा. उजेडाचं बी तसंच हाय. ही नळी एकेक दाणा मोजती."

"आणि चुकला एखादा?"

"मग माझी चंपी की!"

मला ते पटलं. पुढे मोठमोठ्या साहेबांनी तेच फळ्यावर लिहून सांगितलेलं मी झाडू मारता मारता ऐकलं, पण माझ्या डोक्यात दाणेच राहिले.

यंत्र म्हणजे हातभर लांबीची पत्र्याची पेटी, आतून काळीकुट्ट. एका टोकाला जांभळा बारीक दिवा, दुसऱ्या टोकाला ती नळी, मधे वेगवेगळ्या काचा सरकवायची खाच. वरचं झाकण चार स्क्रूंनी बसवलेलं. स्क्रूड्रायव्हर विभागप्रमुख सरांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. माझं काम दार राखायचं. मोजणी चालू असताना कुणी दार उघडलं तर उजेड आत येऊन सगळं वाया. म्हणून मी आत स्टुलावर बसायची, पडद्याला पाठ लावून. एक नियम मला पाठ झाला होता: आधी नळीचा व्होल्टेज बंद, मगच झाकण. उलटं केलं तर नळी जळते.

यंत्र आलं त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. त्या दिवशी कॉलेजात सगळ्या यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपातली लेथ, ऑफिसातले संगणक, आमच्या प्रयोगशाळेतले तराजू, सगळ्यांना झेंडूची फुलं आणि हळदीकुंकवाची बोटं. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून हे बंद आहे. सासऱ्यांनी देव्हारा उचलला तो उचललाच. मी दरवर्षी फरशी धुवायची, पाण्याची बादली आणून ठेवायची आणि पूजा सुरू झाली की दाराबाहेर उभी राहायची. मला कधी कुणी आत ये म्हणालं नाही, आणि मीही कधी गेले नाही. हे असं चौदा-पंधरा वर्षं नीट चाललं होतं.

त्या वर्षी नव्या पेटीचा मान होता. कंपनीचा इंजिनियर आला होता. सरांनी झाकण काढायला लावलं, आतलं यंत्र प्राचार्यांना दिसावं म्हणून. मी दारातून बघत होते. सरांनी ताटात बोट बुडवून पेटीच्या कडेवर हळदीचं आणि कुंकवाचं बोट ओढलं, आणि मग हौसेनं आत वाकून दिव्याच्या खोबणीजवळही ओढलं. इंजिनियर म्हणाला, "सर, आत नको हो." सर म्हणाले, "अहो, दिव्याला नाही लावायचं तर कुणाला?" सगळे हसले. नारळ फुटला. प्राचार्य गेल्यावर इंजिनियरने कापूस स्पिरिटमध्ये भिजवून आतलं पुसून काढलं. कापूस लाल झाला. लाल यायचं थांबलं तेव्हा त्यानेही थांबवलं, आणि चार स्क्रू बसवून टाकले.

तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाच काय, तिथल्या कुणालाच नाही.

दिवाळीनंतर मोजणी सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून बिघडली. नळीपुढे पिवळी काच सरकवली की जांभळा उजेड तिथं अडायला हवा आणि आकडा खाली यायला हवा, दिवा बंद असताना असतो तेवढा. येईना. दाणे कुठूनतरी येतच होते. मुलगी रोज मोजायची, रोज तेच. तिला वाटलं, बाहेरचा उजेड शिरतोय. आम्ही दोघींनी प्रत्येक फटीला काळी टेप लावली. मी घरून सुईदोरा आणून पडद्याला दुसरा पदर शिवला. आकडा हलला नाही.

इंजिनियर म्हणाला, काच कंपनीत तपासलेली आहे, काचेत दोष नाही. सर म्हणाले, "मुलगी धांदरट आहे. दुसरा विद्यार्थी बघू." ती डार्क रूममध्ये आली आणि पेटीवर थाप मारली.

"मावशी, ही पेटी न्हाय तर म्या, दोघातलं एक खोटं बोलतंय. म्या तरी न्हाय."

"मग पेटीला इचार की उघडून."

मी सहज बोलले होते. ती उठली, तडक सरांकडे गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊनच आली. कसा मिळवला तिचं तिला ठाऊक. तिने आधी व्होल्टेज बंद केला, मग झाकण काढलं. जांभळा दिवा तेवढा चालू राहिला होता. मी तासाभरापासून अंधारात बसलेली, माझे डोळे तयार होते. दिव्याच्या खोबणीजवळ बोटभर जागा चमकत होती. पिवळसर हिरवी.

"पोरी, त्ये काय गं चमकतंय?"

"कुठं? हितं तर काळा रंग हाय. काळ्यावर काय चमकतंय मावशी, तुमचं कायतरीच."

"वाकून बघ तरी."

ती वाकली. मग तिने हात मधे धरला, दिवा झाकला. चमक गेली. हात काढला, चमक आली. असं चार-पाच वेळा केलं. खोलीचा दिवा लावला तर तिथं काहीच नाही, नुसता काळा पत्रा. तिने कापसावर स्पिरिट घेऊन ती जागा घासली. उजेडात कापूस जरासा पिवळा दिसला.

"काय आसंल हे? वंगण?" ती म्हणाली.

मी कापूस हातात घेतला. हात धुवायच्या साबणाचा तुकडा ओला केला आणि कापसावर फिरवला. पिवळं होतं ते तांबडं झालं.

जिने म्हणून हळदीचा डाग पडलेलं पांढरं कापड धुतलंय तिला हे कळतं. साबण लागला की हळद लाल होते आणि बाईच्या कपाळाला आठी पडते. मी म्हटलं, "हळद हाय."

मुलीने मला मिठीच मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कुणी असं अंगाला हात लावायची सवय नव्हती. तिने मला भरभर समजावलं: हळदीवर जांभळा उजेड पडला की हळद तो गिळते आणि बदल्यात दुसऱ्या रंगाचा उजेड सोडते. तो पिवळ्या काचेतून सरळ आत जातो, आणि नळी बिचारी तेच दाणे मोजत बसते. नळी खरं बोलत होती. मुलगीही खरं बोलत होती. इंजिनियरने पुसलं तेव्हा कुंकवाचं लाल निघालं, डोळ्याला दिसायचं थांबलं. हळद स्पिरिटमध्ये विरघळून पातळ पसरली होती.

ती नाचतच सरांकडे गेली. मी मागे दारात उभी.

"सर, सापडलं! हळद हाय आत. मावशींनी शोधली."

सरांचा चेहरा मी बघितला. त्यांना एका क्षणात सगळं आठवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "हळद," ते म्हणाले. "हळद आत कशी जाईल?"

मुलगी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी तिला वर्गात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला. कंपनीने त्याला विचारलं होतं, महिनाभराची मोजणी फुकट का गेली. तो आणि सर बराच वेळ आत बसले. मग मला बोलावलं. इंजिनियरने माझ्याकडे न बघता विचारलं, "इथं झाडलोट कोण करतं?"

"ह्याच करतात," सर म्हणाले.

"घरी स्वयंपाक करून येत असाल ना, बाई? हाताला मसाला, हळद राहते थोडीफार. त्याच हातांनी पुसलं असेल."

मी मान हलवली, नाही अशी. इंजिनियर म्हणाला, "आणि तुम्हालाच नेमकी कशी दिसली हळद? आम्हा कुणाला नाही दिसली."

हे मला लागलं. शोधून दिलं म्हणून चोर. मी फरशीकडे बघत उभी राहिले. सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्या खोलीत तिघेच होतो आणि तिघांनाही माहीत होतं की आत बोट कुणाचं गेलं.

चार वाजता मेमो मिळाला. 'प्रकल्पाच्या उपकरणाची निष्काळजीपणे हाताळणी केल्याबाबत तीन दिवसांत खुलासा करावा.' ऑफिसातल्या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी मेमोबरोबर दुसरा कागद पुढे केला. त्यावर माझा खुलासा टाईप करून तयार होता. नजरचुकीने माझ्या हाताची हळद उपकरणास लागली, पुन्हा असे होणार नाही, क्षमा असावी. खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा.

"मावशी, सही करा आणि मोकळ्या व्हा."

"मग काय हुईल?"

"काय व्हायचंय? सेवापुस्तकात एक शेरा. प्रयोगशाळेतून काढून वसतिगृहाकडं टाकतील झाडायला. नोकरी कुठं जात नाही. कशाला जिवाला घोर?"

"म्या लावली न्हाय."

"अहो, लावली का नाही लावली, विचारतंय कोण? कंपनीला कागद पाहिजे. सरांचं नाव घालू का त्यात? का प्राचार्यांसमोर पूजा झाली म्हणून प्राचार्यांचं?" ते हसले. "तुमचं आपलं लहान नाव. कुठंही बसतंय."

मी कागद उचलला, घडी घातली आणि घरी आणला. लहान नाव, हा शब्द मंगळवार पेठेपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. पंधरा वर्षं मी भिंतीला लागून उभी राहिले ती माझ्या लाजेने. त्यांना वाटलं, मला जागाच तेवढी लागते.

सकाळी मुलगी दारातच भेटली. तिला कळलं होतं. "मावशी, म्या सांगते समद्यांना. म्या बघितलंय पूजेला. बोट सरांनी लावलंय."

"तुझं मार्क कोण देतंय?"

तिने वही या हातातून त्या हातात घेतली.

"तू मोजणी कर. पेटी साफ झाली न्हवं? मग आकडा आण खाली आणि लिव्ह. हे माझं हाय, मी बघती."

"तुम्ही बघता? तुम्ही तर सरांच्या म्होरं..."

"व्हय. तरी बी."

माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी डार्क रूममध्ये बसले. दिवा लावला. मुलांच्या जुन्या वहीतलं कोरं पान काढलं. चौथीनंतर मी किराणा मालाची यादी आणि लेकीला चार पत्रं सोडून काही लिहिलं नव्हतं. 'खुलासा' हा शब्द मेमोतून बघून लिहिला. पुढे काय लिहायचं ते मला आधीच माहीत होतं. सरांचं लिहायचं की नाही, एवढ्यावरच मी अडले. त्यांनी यजमानांच्या आजारपणात रजा देऊ केली होती, ते वाईट माणूस नव्हेत. पण त्यांचं नाव झाकायला माझं पांघरूण का घ्यायचं, हे मला काही सापडेना. मग लिहिलं.

'मी हळद लावली नाही. पेटीचे झाकण चार स्क्रूने बंद असते. स्क्रूड्रायव्हर सरांच्या कपाटात असतो. ते झाकण दोनदाच उघडले, एकदा पूजेला आणि एकदा हळद सापडली तेव्हा. पूजेत मी नसते, मी बाहेर उभी असते, हे सर्वांना माहीत आहे. आत बोट विभागप्रमुख साहेबांनी लावले व कंपनीच्या साहेबांनी पुसले. दोघांनी मुद्दाम केले नाही. पण ती चूक माझी नाही. हळद आहे हे मी सांगितले, ते चांगल्यासाठी सांगितले. टाईप केलेला कागद परत करीत आहे.'

दोन प्रती केल्या. दुसरी लिहिताना अक्षर बरं आलं.

ऑफिसात गर्दी होती. भाऊसाहेबांनी वाचायला घेतलं आणि मधेच उभे राहिले. "मावशी, हे मी घेऊ शकत नाही."

"नका घेऊ. घेत न्हाय म्हणून तसं लिहून द्या."

"अहो, काय बोलताय काय? कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"आणि घेतला तर पोच द्या. ह्या दुसऱ्या कागदावर शिक्का मारून."

माझी नजर टेबलाच्या कडेवर होती, वर गेली नाही. पण मी जागची हलले नाही. मागे उभ्या मुलांतलं कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, मावशी बोलाय लागल्या की." भाऊसाहेबांनी एकदा आतल्या केबिनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दोन्ही कागदांवर आवकचा शिक्का मारला. एक मला परत दिला.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. सर आधीच आत होते, खुर्चीच्या टोकावर. टेबलावर माझा कागद आणि त्याच्या बाजूला मुलीची वही. वहीत नवीन आकडे होते. पेटी पुसल्यावर पिवळी काच लावली तेव्हा मोजणी खाली आली होती, जिथं यायला हवी तिथं. त्या पानावर तिने मराठीतच लिहिलं होतं की दोष हळदीचा होता आणि तो प्रयोगशाळेतल्या मावशींनी अंधारात डोळ्यांनी ओळखला. सरांनी ते खोडायला सांगितलं असणार. तिने खोडलं नव्हतं.

प्राचार्यांनी विचारलं, "हा खुलासा तुम्हाला कुणी लिहून दिला?"

"मीच लिवला."

"तुमचं शिक्षण चौथी ना?"

"व्हय सर. चौथीपत्तर लिहायला शिकवत्यात की."

सर खाली बघत होते. मग ते बोलले, माझ्याकडे नाही, प्राचार्यांकडे बघून: "बोट मीच लावलं होतं. जरा उत्साहात." एवढंच. मला उद्देशून काही नाही, आणि पुढेही कधी नाही. इंजिनियर त्यानंतर दोनदा आला, मला ओळख दाखवली नाही. मला त्याचं काही करायचं नव्हतं.

प्राचार्यांनी माझ्या कागदाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने दोन शब्द लिहिले. मी उलट्या बाजूने वाचले: दप्तरी दाखल. म्हणजे संपलं. शेरा नाही, बदली नाही.

मी तरी उभीच राहिले. त्यांनी मान वर केली. "अजून काही?"

"तो टाईप केलेला कागद. त्यावर माझं नाव हाय. तो फाडा."

सर दचकले. प्राचार्यांनी तो फाईलीतून शोधला, माझ्यासमोर दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला.

"झालं?"

"व्हय. मग जाते. आत मोजणी लागलीय आणि दाराशी कोण न्हाय."

मी निघाले. त्यांनी 'जा' म्हटलं की नाही, ते मी ऐकायला थांबले नाही.